कोरीची पिल्लं दर बॅचला मरतात? आधी कितव्या दिवशी मरतात ते बघा

कोरी म्हणजे कोरीडोरास, शोभेच्या टाकीत तळाला राहणारा छोटा मासा. त्याची अंडी भरपूर पडतात, चौथ्या दिवशी पिल्लं तळाला वळवळताना दिसतात, आठवडाभर सगळं झकास चालतं आणि मग रोज सकाळी पाच-दहा मेलेली सापडायला लागतात. महिनाअखेर दीडशे अंड्यांतून हातात राहतात बारा-पंधरा. घरी कोरी वाढवून दुकानांना देणाऱ्यांची ही कायमची तक्रार आहे आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही कायमचाच: अमुक औषध टाका, तमुक टाका. बहुतेक वेळा दुखणं औषधाचं नसतंच. मरतूक कितव्या दिवशी सुरू झाली एवढं पक्कं माहीत असलं, तरी निम्मं कारण तिथेच कळतं. म्हणून टाकीच्या काचेवर कागदी टेपची पट्टी चिकटवा. तिच्यावर अंडी दिल्याची तारीख, अंदाजे संख्या आणि पाण्याचं तापमान लिहा, आणि खाली रोजच्या मेलेल्यांचा आकडा. ही पट्टी नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

खालचे आकडे ब्राँझ कोरी, तिचाच पांढरा अल्बिनो प्रकार आणि स्टेरबाय यांच्यासाठी आहेत. घरगुती धंद्याची सुरुवात यांच्यापासूनच करावी. पेपर्ड आणि पांडा या थंड पाण्याच्या कोरी. 20 ते 24 अंशांत खूश असतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये टाकी 31-32 वर गेली की त्यांची अंडीही जातात आणि पिल्लंही, मग कितीही काळजी घ्या. स्टेरबाय 28 अंश सहज सोसते आणि दुकानात भावही ब्राँझपेक्षा चांगला मिळतो. 2024 मध्ये या माशांची शास्त्रीय नावं बदलली आहेत. ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टर झाली, तर स्टेरबाय, पांडा आणि पेपर्ड हॉप्लिसोमा. व्यापाऱ्याच्या यादीत ही नावं दिसली तर वेगळा मासा समजून दुप्पट पैसे मोजू नका.

पहिले तीन दिवस: अंडीच पांढरी पडतात

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. चोवीस तासांच्या आत अंडं खडूसारखं पांढरं झालं, पण त्यावर कापूस नाही, तर ते मुळात फळलंच नव्हतं. अंडं आधी फिकट तपकिरी होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर कापसासारखे तंतू येऊन ते शेजारच्या अंड्यांवर पसरले, तर ती बुरशी. पहिल्या प्रकाराला मिथिलीन ब्लूचा (बुरशीवरच्या निळ्या औषधाचा) काडीचा उपयोग नाही.

निम्म्याहून जास्त अंडी न फळलेली निघत असतील तर नरांची संख्या बघा. दोन माद्यांना चार नर हे प्रमाण धरा. वरून पाहिलं की मादी रुंद आणि गोल दिसते, नर सडपातळ. दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेल्या दोन्ही माद्या निघणं नवीन नाही. त्यापेक्षा दोन वेगळ्या ठिकाणांहून चार-पाच लहान मासे आणून एकत्र वाढवावेत. नर-मादीचा प्रश्न आपोआप सुटतो आणि भावंडांच्या संकरातून येणारी वाकडी शेपूट, अर्धवट परही टळतात. दुसरं कारण पाणी. बोअरचं जड पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 500-600 च्या वर, यात मोठ्या कोरी मजेत राहतात पण अंडी नीट फळत नाहीत. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळून टीडीएस 150 ते 250 वर आणा. एकदम नाही, तीन-चार पाणीबदलांत.

बुरशी असेल तर अंडी वेगळी करा. मादी काचेला दोन-चार अंड्यांचे पुंजके चिकटवते. घालून तासभर झाला की कवच टणक होतं आणि अंडं बोटाच्या टोकाने हलकेच घोळवत सोडवता येतं. त्याआधी हात लावला तर फुटतं. दोन-तीन लिटरच्या पसरट डब्यात आईवडिलांच्याच टाकीतलं पाणी घ्या, अंडी एकमेकांना चिकटणार नाहीत अशी पसरा, आणि एअर स्टोन असा ठेवा की अंडी जागच्या जागी हलकी डोलतील. मिथिलीन ब्लू लिटरला 2 ते 3 मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण असेल तर लिटरला 0.2 ते 0.3 मिली. बाजारातल्या बाटल्यांची तीव्रता सारखी नसते, त्यामुळे थेंब मोजण्याआधी लेबल वाचा. औषध नको असेल तर देशी बदामाचं गळून वाळलेलं एक पान उकळत्या पाण्यातून काढून त्यात टाका. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं की पुरे. रस्त्याकडेची पानं घेऊ नका, त्यांच्यावर काय फवारलेलं असतं कोण जाणे. पांढरं झालेलं अंडं दिवसातून दोनदा ड्रॉपरने उचलून टाकायचं. ही दोन मिनिटांची कामगिरी औषधापेक्षा जास्त अंडी वाचवते.

25-26 अंशांना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. अंड्यात डोळे दिसायला लागले की निम्मं-निम्मं पाणी बदलत निळा रंग काढून टाका.

चौथा ते आठवा दिवस: उपासमार, नाहीतर घाई

पिल्लू बाहेर आल्यावर साधारण दोन दिवस पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावर जगतं. या दोन दिवसांत काही खायला घालू नका. घातलेलं सगळं तळाला कुजतं आणि दहाव्या दिवसाच्या मरतुकीची तयारी इथेच होते. उलट, पिशवी संपल्यावर आणखी दीड-दोन दिवस उशीर झाला तर पिल्लू इतकं अशक्त होतं की नंतर समोर अन्न आलं तरी खात नाही.

ओळखायचं कसं? अंधार करून मोबाइलचा टॉर्च काचेच्या बाजूने लावा. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीची पिल्लं) खाल्लेल्या पिल्लाचं पोट केशरी ठिपक्यासारखं चमकतं. दहातल्या आठ पिल्लांत तो ठिपका दिसला पाहिजे. पोट रिकामं, आत गेलेलं आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं दिसत असेल तर ती उपाशी आहेत, मग टाकीत तुम्ही कितीही टाकत असा.

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. वरच्या पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना तो कधी चालतो, पण कोरीसाठी तो सरळ विष आहे. बलक तळाला बसतो, त्यातला बराच भाग खाल्ला जात नाही आणि काही तासांत पाणी दुधाळ होतं. त्याऐवजी दोनच गोष्टी सांभाळा.

मायक्रोवर्म (सुतासारख्या बारीक अळ्या): ओट्स घट्ट शिजवून, थंड करून झाकणाच्या डब्यात एक सेंटिमीटर थर द्या. वर यीस्टची चिमूट आणि जुन्या कल्चरचा (आधी वाढवलेल्या अळ्यांच्या डब्यातला) चमचाभर. झाकणाला टाचणीने भोकं. चार-पाच दिवसांत अळ्या डब्याच्या भिंतीवर चढतात, तिथून बोटाने किंवा ब्रशने पुसून घ्यायच्या. ओट्स पाण्यात पडू द्यायचे नाहीत. तीन डबे वेगवेगळ्या तारखांचे ठेवा, कारण उन्हाळ्यात डबा आंबायला वेळ लागत नाही. या अळ्या गोड्या पाण्यात बरेच तास जिवंत राहतात आणि नेमक्या तळाला जातात, म्हणून कोरीच्या खाण्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी उत्तम.

आर्टेमिया: सोडा वॉटरची बाटली उलटी टांगून त्यात एक लिटर पाणी, 25 ग्रॅम साधं खडेमीठ, दोन ग्रॅम आर्टेमियाची अंडी, आणि हवेची नळी थेट तळापर्यंत. 27-28 अंशांना चोवीस तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात, मधला केशरी ढग नळीने काढायचा. बारीक कापडात गाळून गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय टाकीत टाकू नका, नाहीतर मीठही सोबत जातं. फुटल्यापासून जितका वेळ जाईल तितकं त्यातलं पोषण कमी होतं, म्हणून सकाळी काढलेला आर्टेमिया संध्याकाळपर्यंत संपवा. गोड्या पाण्यात तो काही तासांतच मरून खाली पडतो. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दोन तासांत संपेल इतकाच.

दुसरा ते चौथा आठवडा: खरा घोटाळा तळाशी

घरगुती कोरीच्या सर्वाधिक बॅचेस इथे बुडतात. पाणी स्वच्छ दिसतं, अमोनियाची टेस्ट शून्याच्या आसपास येते, आणि तरी पिल्लं मरतात. मग तुम्ही गोंधळून औषधाच्या दुकानात जाता.

बाही वर करा आणि टाकीच्या तळावरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं? मग उत्तर मिळालं. उरलेलं अन्न आणि विष्ठा यांच्यावर जिवाणूंचा पातळ थर चढतो. काचेवर तो दिसतही नाही. तो थर जवळचा ऑक्सिजन ओढून घेतो. इतर माशांची पिल्लं पाण्याच्या मध्यभागी असतात, त्यांना याचा पत्ताही लागत नाही. कोरीचं पिल्लू मात्र चोवीस तास पोट त्याच थराला टेकवून बसलेलं असतं. तुम्ही टेस्टला पाणी घेता वरून, पिल्लू जगतं शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये. आधी मिशा आखूड होतात, त्यांची टोकं लालसर दिसतात. मग पिल्लू तळावर न बसता काचेला किंवा स्पंज फिल्टरच्या वर जाऊन चिकटतं. हे दिसलं की दोन दिवसांत मरतूक येणार, असं समजून कामाला लागा.

काम असं. हवेच्या पंपाची 4 मिमीची पारदर्शक नळी घ्या, तिला लहान काडी बांधा म्हणजे टोक हवं तिथे धरता येतं, आणि तळाचा इंच न् इंच सायफनने ओढून घ्या. पाणी पांढऱ्या बादलीत काढा. ओढली गेलेली पिल्लं पांढऱ्यावर लगेच दिसतात, चमच्याने परत टाकता येतात. त्यानंतर जुन्या प्लास्टिक कार्डाने तळाची काच खरवडून पुन्हा एकदा सायफन करा. हे रोज करायचं, निदान चार आठवडे. गेलेल्या पाण्याइतकं, साधारण 25-30 टक्के, त्याच तापमानाचं, क्लोरिन काढलेलं पाणी हळूहळू परत घाला. पाण्याची उंची 12-15 सेंटिमीटरच ठेवा. एवढ्या उथळ पाण्यात स्पंज फिल्टरचे बुडबुडे तळापर्यंत पाणी फिरवतात, शिवाय कोरी आतड्याने हवा घेते, त्यासाठी वर यायचं अंतरही कमी होतं.

खडे-रेतीची जाड चादर पिल्लांच्या टाकीत नकोच. एकतर उघडी काच, नाहीतर धुतलेल्या बारीक वाळूचा 2-3 मिमीचा थर; त्याहून जाड झाला की घाण आत मुरते. पाच-सहा रॅमशॉर्न गोगलगाई सोडल्या तर उरलेलं अन्न बरंच आवरतात. रोजच्या सायफनला मात्र त्या पर्याय नाहीत.

स्पंज फिल्टर नवा कोरा लावू नका. मोठ्या कोरींच्या टाकीत महिनाभर आधी दोन स्पंज चालवून ठेवा, त्यातला एक उचलून इकडे आणा. आठवड्यातून एकदा तो सायफन केलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला की क्लोरिनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि तीन दिवसांनी अमोनिया वर.

औषध का नको ते इथे कळेल. अँटिबायोटिकने स्पंजमधले जिवाणू मारले जाऊ शकतात. फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं, आणि तुमची अडचण आधीच ऑक्सिजनची आहे. मीठही कोरीला इतर माशांइतकं सोसत नाही. आजार खरोखर असेल, अंगावर पांढरे दाणे किंवा कापूस स्पष्ट दिसत असेल, तर उपचार वेगळ्या डब्यात, निम्म्या मात्रेने सुरू करा. पण आधी तळ साफ करून तीन दिवस थांबा. बहुतेक वेळा उपचाराची वेळच येत नाही.

अमोनियाबद्दल एक खुलासा, कारण तीच टेस्ट दोन घरांत दोन अर्थांची असते. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का आणि थोडा जास्त भाग विषारी असतो; पीएच 8 ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. बोअरच्या पाण्यावर धंदा करणाऱ्याने किटवरचा हलका हिरवा रंग ‘चालतंय’ म्हणून सोडू नये.

सगळी एका रात्रीत गेली तर

रोज थोडी-थोडी मरणं वेगळं आणि सकाळी टाकीच रिकामी सापडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात अन्न-तळ बाजूला ठेवा. दोनच शक्यता तपासा.

आदल्या दिवशी पाणी बदललं होतं का? पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरिन अनेकदा वाढवतात आणि एरवी चालणारी ‘रात्रभर उघडी बादली’ पुरत नाही. हायपोचे (क्लोरिन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे) खडे किराणामालासारखे मूठभर टाकू नका. 100 ग्रॅम हायपो एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. या द्रावणाचे 10 मिली 100 लिटर पाण्याला, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला 2 मिली. पाण्याला क्लोरिनचा वास स्पष्ट येत असेल तर दुप्पट.

दुसरी शक्यता वीज. रात्री पंप बंद पडला आणि तो पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल, तर नळीतून पाणी उलटं वाहत पंपात शिरतं. वीज आल्यावरही तो चालत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वीस-तीस रुपयांची वस्तू आहे. पंप टाकीच्या वर फळीवर ठेवला तर तीही लागत नाही. ज्या भागात भारनियमन आहे तिथे बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा पंप ही पहिली खरेदी असावी, दुसरी टाकी नव्हे. 30 अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तेव्हा दाटीच्या टाकीत रात्रीचे तीन तास खूप होतात. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो, मुंबईच्या दमट मेमध्ये फार अपेक्षा नको.

सहा आठवड्यांनंतर: मरत नाहीत, पण वाढतही नाहीत

हे सरळ दाटीचं लक्षण. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत जेमतेम 50 लिटर पाणी असतं. त्यात सेंटिमीटरभराची साठ पिल्लं ठीक, पण दीड सेंटिमीटरनंतर तीस. मोठी आणि लहान वेगळी करा, नाहीतर मोठी सगळं खाऊन टाकतात. ब्राँझ साधारण आठ ते दहा आठवड्यांत अडीच सेंटिमीटरला येते, दुकानाला द्यायचं माप तेच. त्याआधी जागा नाही म्हणून दोन सेंटिमीटरची पिल्लं खपवली तर ती दुकानात मरतात आणि पुढची ऑर्डर तुटते. नवी बॅच घेण्याआधी रिकामी टाकी आहे का, हे बघून मगच मोठ्यांना अंडी घालायला लावणारा थंड पाण्याचा बदल द्या.

पिशवीत मरतात

हा तोटा सगळ्यात जिव्हारी लागतो, कारण तोवर सगळा खर्च झालेला असतो. कोरी घाबरली की अंगातून विषारी स्राव सोडते. पिशवीत तो साठला की पाण्यावर फेस येतो आणि सगळ्याच मरतात. म्हणून पकडून सरळ पिशवीत नाही. आधी चोवीस तास उपाशी ठेवा, मग प्लास्टिकच्या मगाने उचला. जाळ्यात छातीच्या पराचा काटा अडकतो, ओढला तर मासाही जखमी आणि बोटही. हवा सोडलेल्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा, ते पाणी फेकून द्या, आणि मग ताज्या पाण्यात पॅक करा. अर्धा लिटर पाण्यात अडीच सेंटिमीटरच्या तीन-चार, वर दुप्पट जागा ऑक्सिजनला. पिशवी दुहेरी, आणि कोपरे टेपने दुमडून गोल केलेले. कोपऱ्यात लहान मासे चिणले जातात आणि काट्याने पिशवीही तिथेच फाटते. बाहेरून थर्माकोलचा डबा. ट्रॅव्हल्सच्या बसने पार्सल पाठवत असाल तर रात्रीची गाडी पकडा, आणि डबा डिकीत इंजिनाच्या बाजूला ठेवणार नाहीत एवढं बोलून घ्या.

दुकानदाराला एक सूचना डब्यावरच लिहून द्या. बारा-पंधरा तासांच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडून तिच्यात तासभर थेंब-थेंब नवं पाणी सोडलं की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडून मासे लगेच टाकीत सोडा, आणि पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता मोरीत ओता.